आधी पाहा, मग नाव द्या



छातीला स्टेथोस्कोप लावता येतो, मनाला काय लावणार? मनोविकार विभागात पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्यांना, मग ते डॉक्टरकीचे असोत की नर्सिंगचे, हाच पेच पडतो. इथली साधनं म्हणजे आपले डोळे, कान आणि नेमका प्रश्न. त्यांचा सराव देण्यासाठी मी वर्गात सिनेमा लावतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ घ्या. अतुल कुलकर्णींचा शेष पडद्यावर आला, की मुलं लगेच म्हणतात, ‘स्किझोफ्रेनिया!’ मी म्हणतो, नाव नको, काय दिसलं ते सांगा. मग आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा दाखवतो, कारण पार्श्वसंगीत आपल्याला आधीच फितवून ठेवतं. आता कपडे, हातांची चाळवाचाळव, नजर, चेहऱ्यावरचे भाव दिसू लागतात. तिसऱ्यांदा आवाज सुरू करायचा आणि बोलण्याची गती, विचारांची सांगड ऐकायची. रुग्णाला असं तीनतीनदा मागं नेता येत नाही.

‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित झाले आहेत. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. हत्तीच्या मागे निघालेल्या या म्हाताऱ्याला संस्कृत आठवतं, घर मात्र आठवत नाही. जुनी स्मृती आणि ताजी स्मृती वेगवेगळी का तपासायची, हे तिथं पटकन उमजतं.

पण सिनेमा फसवतोही. ‘अ ब्यूटिफुल माइंड’मध्ये गणिती जॉन नॅश यांना माणसं दिसतात, प्रत्यक्षात त्यांना प्रामुख्यानं आवाज ऐकू येत. स्किझोफ्रेनियात कानांचे भासच अधिक आढळतात. पडद्याला मात्र दाखवायला काहीतरी लागतं! म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर आम्ही विचारतो: यातलं आजाराचं किती आणि दिग्दर्शकाचं किती?

आणि एक गोष्ट सिनेमा शिकवूच शकत नाही, ती म्हणजे विचारणं. ‘कासव’मधला तरुण नैराश्यानं ग्रासलेला आहे, त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला आहे. तिथं मी चित्र थांबवतो. मुलांना जोडीजोडीनं समोरासमोर बसवतो आणि एकमेकांना विचारायला लावतो, ‘जीव नकोसा वाटतो का? आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होऊ शकतो. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी पहिल्यांदा विचारताना आवाज पुटपुटता होतो आणि नजर जमिनीकडे जाते.

मग आम्ही तो प्रश्न पुन्हा विचारतो. नजर वर येईपर्यंत. सिनेमा तोवर थांबलेलाच असतो.