मूळव्याध : घरचे उपाय आणि त्यांची मर्यादा



ज्या दुखण्याविषयी घरातही कोणी मोकळेपणाने बोलत नाही, त्याविषयी आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. मूळव्याधीचा रुग्ण रुग्णालयात येतो तो बहुधा सर्वांत शेवटी. त्याआधी शेजाऱ्यांचा सल्ला, जाहिरातीतले चूर्ण आणि ‘विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशी पाटी, एवढा प्रवास झालेला असतो. स्त्रिया तर संकोचापायी वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात.

गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. बद्धकोष्ठ, शौचाच्या वेळी कुंथणे, गर्भारपण अशा कारणांनी त्या फुगतात व खाली सरकतात, तीच मूळव्याध. कारण पुष्कळदा ताटात आणि सवयीत असल्यामुळे आरंभीच्या अवस्थेत घरचे उपाय खरोखर उपयोगी पडतात.

त्यांतला पहिला उपाय चोथ्याचा. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, सालीसकट डाळी, मोडाची कडधान्ये, पालेभाज्या व पेरू यांतून दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जावा. मात्र तो हळूहळू वाढवावा आणि पाणीही पुरेसे प्यावे. इसबगोलाचा भुसा रात्री एक-दोन चमचे घ्यायचा तर पेलाभर पाण्यासोबतच. कमी पाण्यात तोच घशात वा आतड्यात अडकू शकतो. दुसरा उपाय शेकाचा. टबात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात दिवसातून दोन-तीन वेळा १० ते १५ मिनिटे बसावे. वेदना व खाज कमी होते. तिसरा उपाय सवयीचा. शौचाची भावना झाली की टाळू नये, कुंथू नये आणि वर्तमानपत्र वा मोबाईल घेऊन तेथे बसून राहू नये. कमोड वापरणाऱ्यांनी पायांखाली लहान पाट घ्यावा.

चरकसंहितेने अर्शरोगात ताकाची प्रशंसा केली आहे, तर सुरणाला ‘अर्शोघ्न’ असे नावच आहे. दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातली आहेत आणि आहार म्हणून अवश्य घ्यावीत. पण त्याच परंपरेतील सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगितले, हेही विसरू नये. प्रत्येक मूळव्याध औषधाने बरी होत नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

आता आमच्या मनातली खरी चिंता सांगतो. रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, हे गृहीत धरणे घातक आहे. ताक आणि चूर्ण यांवर महिनोन्‌महिने काढल्यानंतर तपासणीत मोठ्या आतड्याचा कर्करोग निघावा, यासारखे दुःख नाही; कारण वेळीच सापडला असता तर तो बरा होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. म्हणून गुदावाटे रक्त पहिल्यांदा दिसले की एकदा तपासून घ्यावे. शौच काळी डांबरासारखी होणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, अशक्तपणा वा फिकटपणा येणे, कुटुंबात आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही दवडू नये. असह्य वेदना, ताप वा न थांबणारा रक्तस्राव असल्यास तर तत्काळ यावे. दाहक लेप आणि अनोळखी हातांची इंजेक्शने यांना स्पष्ट नकार द्यावा. गर्भवतींनी रेचके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

प्राथमिक तपासणी काही मिनिटांची असते. पुष्कळांना शस्त्रक्रिया लागतही नाही. रबर बँड बांधण्याच्या उपचारानंतर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. खर्चाची धास्ती असेल त्यांनी हे ध्यानी ठेवावे की, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये झालेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या असतात. त्यांविषयी विचारण्यात कमीपणा नाही.

देणगीदारांच्या दातृत्वाने खाटा व उपकरणे उभी राहतात. पण लाजेपोटी दाराबाहेर थांबलेल्या रुग्णाला आत आणण्याचे काम त्याच्या घरच्यांनीच करावयाचे आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आईला, वडिलांना एवढेच विचारावे, “काही त्रास तर होत नाही ना?” आमची आपणांकडे एवढीच मागणी आहे.