अंगाईला लागणारा वेळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'घरातले गाणे' हा विषय सुचवला, तेव्हा मी त्यांना म्हटले की आपला काही तरी घोटाळा झालेला दिसतो. काल याच व्यासपीठावरून एका गायनाचार्यांनी ऋतू आणि राग यांवर सप्रयोग व्याख्यान दिले. मला 'सारेगम'च्या पुढे काही येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते यंत्रमागावर आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे मी सोलापुरात विडी कामगार स्त्रियांच्या युनियनचे काम करतो. पण चालक म्हणाले, तुम्ही ज्या घरांत जाता, त्या घरांतले सांगा. ते मला सांगता येईल. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसाला दार उघडण्यापूर्वी आतले पुष्कळ ऐकू येते.

सोलापुरात विडी वळणाऱ्या पुष्कळशा स्त्रिया पद्मशाली समाजातल्या आहेत. त्यांचे पूर्वज तेलंगणातून माग घेऊन आले. पुरुष मागावर आणि बाया विडीवर, अशी त्या घरांची घडी बसली. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि शेजारच्या गल्लीत कानडी. २००६ साली शहराजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरे उभी राहिली. त्या घरांसाठी मोर्चे किती निघाले हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आज मला त्या घरांच्या आत जायचे आहे.

एक आई डोळ्यांपुढे आणा. वय पंचवीस-सव्वीस. पदरी दीड वर्षाचा मुलगा. पहाटे पाण्याची गडबड, मग चूल म्हणा की गॅस म्हणा, नवऱ्याचा डबा. तेंदूची पाने रात्रीच भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असतात. ती पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायची. त्यानंतर ती भिंतीला पाठ टेकून बसते आणि मांडीवर सूप घेते. सुपात एका बाजूला पाने, दुसरीकडे तंबाखूची भुकटी, कडेला दोऱ्याचे रीळ. पान घ्यायचे, चिमूट टाकायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस झाल्या की एक जुडी. अशा चाळीस जुड्या झाल्या म्हणजे हजार.

आता या चित्रात मुलगा कुठे आहे? दीड वर्षाच्या मुलाची हक्काची जागा म्हणजे आईची मांडी. त्या जागेवर सूप बसलेले आहे. मुलगा येतो, सूप ओढतो, भुकटी उधळते, तो शिंकतो, खोकतो. आई एका हाताने त्याला दूर सारते आणि दुसऱ्या हाताने पाने सावरते. मी हे हजार वेळा पाहिले आहे. साडीची झोळी आढ्याला टांगून तिची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या बायाही पाहिल्या आहेत. हात विडीवर, पाय झोळीवर, आणि तोंडाने गाणे. तुम्ही म्हणाल, मग गाणे आहेच की! आहे. पण किती वेळ? मी हिशोबाचा माणूस आहे, तेव्हा हिशोब मांडतो.

दहा तास बसून एक हजार विड्या होतात असे धरू. म्हणजे तासाला शंभर. म्हणजे ३६ सेकंदांना एक विडी. पाने कापणे, जुड्या बांधणे हेही त्यातच आले. पोर किरकिर करू लागले, त्याला मांडीवर घेतले, थोपटले, गाऊन झोपवले. याला वीस मिनिटे तरी लागतात. वीस मिनिटांत ३३ विड्या होतात. म्हणजे पुरती एक जुडी आणि वर आठ विड्या. तुमच्या-आमच्या घरी अंगाई फुकट असते. या बाईच्या घरी तिची किंमत ३३ विड्या आहे, आणि ती तिच्याच मजुरीतून वळती होते.

जात्यावरच्या ओव्यांचे आपण फार कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. साने गुरुजींनी, दुर्गाबाई भागवतांनी, सरोजिनी बाबरांनी बायकांची गाणी कागदावर आणली. पुढे गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. जगात इतका मोठा ठेवा निरक्षर बायकांनी दुसरीकडे कुठे रचला असेल, तर मला पाहायला आवडेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जाते घरचे होते, दळण घरचे होते. कष्ट पुष्कळ होते. जाते ओढून ज्यांचे खांदे गेले त्या बायकांना विचारा. तरी पीठ पुरेसे झाले की जाते थांबे. जात्याचा फेरा संथ, त्यात ओळ मावते. विडीचा ठेका तोकडा, आणि जुडी बांधताना मोजावे लागते. सतरा, अठरा, एकोणीस... मधे गाणे आले की मोजणी चुकते. मोजणी चुकली की शाखेत माल देताना बोलणी बसतात, आणि काही विड्या नापसंत म्हणून बाजूला पडतात त्या पडतातच.

इतके असूनही या घरांत गाणे आहे, याचे मला आश्चर्य वाटते. पाळण्याच्या गाण्याला तेलुगूत जोलपाट म्हणतात. पंधराव्या शतकातल्या अन्नमाचार्यांच्या नावावर कृष्णाचा एक पाळणा आहे, तो तेलुगू घरांतून आजही म्हटला जातो. या बायांना अन्नमाचार्य कोण ते सांगता येणार नाही. त्यांना तो पाळणा सासूकडून आला, सासूला तिच्या आईकडून. आणि गंमत पाहा: मराठी आई मूल झोपवताना 'जो जो' म्हणते, तेलुगू आई 'जो जो' म्हणते, कानडी आईही 'जो जो'च म्हणते. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी एवढी भांडणे झाली, पण या दोन अक्षरांवर कुणी हक्क सांगितला नाही.

दीड-दोन वर्षांचे मूल गाणे कसे घेते, हे तुम्ही निरखले आहे काय? ते ओळ म्हणत नाही. आई ओळ म्हणते आणि शेवटच्या शब्दापाशी मुद्दाम थांबते. मूल तिच्या तोंडाकडे पाहते, आणि तो शब्द, निदान त्याची शेपटी, आपल्या बोबड्या सुरात टाकते. मग दोघे हसतात. पुन्हा तेच. दहा वेळा तेच. मोठ्या माणसाला कंटाळा येईल, मुलाला येत नाही. बोलण्याची पहिली शाळा ही आहे. त्या शाळेत गुरुजींनी थांबायला हवे, विद्यार्थ्याला वेळ द्यायला हवा. ३६ सेकंदांच्या घड्याळावर बसलेल्या गुरुजींना थांबता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

नवरा बारा तासांची पाळी करून येतो. मागांच्या खडखडाटात राहून त्याचे कान मंद झालेले असतात, म्हणून तो घरातही ओरडून बोलतो. पण सुट्टीच्या दिवशी तोच डबा पालथा घालून त्यावर मागाचा ठेका धरतो आणि पोरगा ढुंगण हलवत नाचतो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा वाजंत्री ऐकायला पोर बापाच्या खांद्यावर असते. नवरात्रात बाया फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती टाळ्या वाजवीत फिरतात, तो बतुकम्मा. त्याच आश्विनात पलीकडच्या मराठी आळीत मुली हत्तीभोवती हादग्याचा फेर धरतात. कडेवरच्या पोराला दोन्ही फेर सारखेच. आईचे शरीर तालात हलते आहे आणि तिचे हात मोकळे आहेत, हे त्याला कळते. वर्षातले असे दिवस मात्र मोजकेच.

आता थोडे कडू बोलतो. १९२२ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतल्या बायांची आणि त्यांच्या बाळंतपणांची सरकारतर्फे एका डॉक्टरीणबाईंनी पाहणी केली. त्यांना असे आढळले की या बायांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. 'बाळगोळी' असे तिचे गोड नाव होते. त्या काळी कायद्यानेच बाईला दिवसाला अकरा तास राबवता येत असे. आई गिरणीत, मूल खोलीत, आणि मधे ती गोळी. तेव्हाही शहाणी माणसे म्हणत, काय या अडाणी आया! अफूची गोळी ही न म्हटलेल्या अंगाईची जागा होती, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. ज्यांच्या आले त्यांनी कायद्याची वाट धरली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ साली तो कायदा झाला.

आज अफू गेली. आज त्या घरात पोराच्या हाती मोबाईल असतो. त्यातही गाणीच चालू असतात, रंगीबेरंगी, न थांबणारी. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापुढे बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. ते मी वाचले आहे आणि मला ते पटते. मोबाईलमधले गाणे शेवटच्या शब्दापाशी मुलाची वाट पाहत नाही. परंतु हा कागद हाती घेऊन कुणी विडीवाल्या आईला उपदेश करायला निघाला, तर मी त्याला दारातच अडवतो. आधी तिच्या मांडीवरचे सूप तासभर उचलून दाखवा, मग मोबाईलचे बोला.

ते सूप उचलायचे कसे? १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराचे कलम होते, पण ते कारखान्याच्या आवारापुरते. पन्नासाहून अधिक बाया आवारात बसत असतील तर खोली द्या. बाया पाने घेऊन घरी बसल्या की खोलीचा प्रश्नच मिटला, मालकाचा! २०२० च्या नव्या संहितेतही पन्नासाची अट आहेच. अंगणवाडीत शिकवणे-खेळवणे होते ते तीन वर्षांपुढच्या मुलांचे. दीड वर्षाचा आपला मुलगा तिथेही बसत नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर नेले. मूल जिथे आहे तिथे पाळणाघर जावे, ही साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. २०२२ पासून सरकारची 'पालना' नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची. विडी वस्त्यांना ते आधी मिळावे, असा आमचा अर्ज आहे. अर्जाचे पुढे काय होते ते तुम्हां सर्वांना माहीत आहे.

दरम्यान आमच्या एका गल्लीतल्या पाच बायांनी जे केले ते सांगतो. पाचजणी एकाच ओट्यावर बसतात. दुपारी दोन ते तीन, पाळीपाळीने एकीने सूप बाजूला ठेवायचे आणि सगळ्यांच्या पोरांना घेऊन बसायचे. गायचे, टाळ्या वाजवायच्या, झोपतील त्यांना झोपवायचे. तिची तासाची शंभर विडी बुडते. म्हणून उरलेल्या चौघी आपापल्या सुपातून एक-एक जुडी तिला देतात. चार जुड्या, शंभर विड्या. हिशोब चोख. हा त्यांनीच घातला, मी नाही.

चौथ्याच दिवशी भांडण झाले. एकीचे पोर मोठे झालेले. ती म्हणाली, मी जुडी का देऊ? तेव्हा गल्लीतली एक अव्वा, म्हणजे आजी, उठली आणि म्हणाली, "तुझी तीन लेकरं मी गाऊन झोपवली, तेव्हा मला कुणी जुडी दिली होती?" सगळ्या गप्प झाल्या. शेवटी असे ठरले की अव्वांनाही पाळी द्यायची, आणि त्या पाळीच्या जुड्या अव्वांच्या नावाने निराळ्या मांडायच्या. सत्तरीच्या बाईला अंगाईची मजुरी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. इथे काही मंडळी हसताहेत. कालच्या गायनाचार्यांना चालकांनी मानधन दिलेच असेल ना?

त्या गल्लीतली पोरे आता दुपारच्या गाण्याला 'जुडी' म्हणतात. "अव्वा, जुडी!" असे ओरडत येतात. अव्वा तेलुगूतून सुरू करते, शेजारची मराठी बाई तिचा पाळणा जोडते, एक कानडी सून आहे ती आपले घालते. पावसाळ्यात काम आठवड्यातून तीन-चार दिवसांवर येते, तेव्हा मजुरी घटते आणि गाणे वाढते. हा सौदा मला पसंत नाही, पण सध्या तो असा आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा एकच विनंती करतो. त्या अव्वांची गाणी कुणी लिहून घेतलेली नाहीत, आणि त्या आता थकल्या आहेत. तुमच्यापैकी ज्यांना तेलुगू येते, किंवा स्वरलिपी येते, त्यांनी एखाद्या दुपारी दोनच्या आधी यावे. दोनला सुरू होते, तीनला सुपे पुन्हा मांडीवर येतात. येताना पोरांना खाऊ आणला तरी चालेल. मात्र ज्या दिवशी याल त्या दिवशी पाळी कुणाची आहे ते आधी विचारून घ्या. अव्वाची नसेल, तर ती गाणार नाही. ती म्हणते, फुकटचे पुष्कळ गाऊन झाले.