कुळाची वही

आश्विनांतील नवरात्र आलें कीं तुळजापुराकडे जाणाऱ्या वाटा माणसांनीं भरून जातात. बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें हें क्षेत्र महाराष्ट्रांतील असंख्य घराण्यांच्या कुलस्वामिनीचें स्थान. देवळाच्या पायऱ्या उतरून, कल्लोळ तीर्थावर स्नान करून यात्रेकरू भवानीपुढें उभा राहतो, ओटी भरतो, नवस फेडतो. परंतु क्षेत्रांत त्याचें आणखी एक ठिकाण असतें. तें म्हणजे त्याच्या कुळाच्या पुजाऱ्याचें घर. तेथें उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकतांच त्याला जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो 'आपण कोण?' हा नव्हे, 'गांव कोणतें?' हा होय.

गांव सांगितलें कीं आडनांव, आडनांवामागून वडिलांचें नांव, त्यामागून आजोबांचें. आणि मग फडक्यांत बांधलेली जुनी वही सोडली जाते. वहींतील नोंद अगदीं साधी असते. अमुक गांवचा अमुक, अमुकाचा मुलगा, अमुकाचा नातू, देवीच्या दर्शनास आला. बंधु इतके, पुत्र इतके. खालीं तिथि आणि आलेल्याची सही अथवा निशाणी. जुन्या नोंदी मोडींत, अलीकडच्या बाळबोधींत. आलेला मनुष्य आपलें व आपल्या मुलांचें नांव शेवटीं घालतो आणि वही पुन्हा बांधली जाते. देवीच्या सेवेकऱ्यांत भोपे, पाळीकर, उपाध्ये असे वर्ग आहेत. कोणत्या घराण्यानें कोणाकडे उतरावयाचें हें परंपरेनें ठरलेलें असतें, आणि या वह्या म्हणजे त्या पिढीजात नात्याचें दप्तर. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांकडेही असेंच लेखन आढळतें.

गांव आधीं कां विचारावें, याला सबळ कारण आहे. आडनांव ही मराठी समाजांत स्थिर वस्तु नव्हे. एकाच घराण्याची एक शाखा गांवावरून 'कर' लावून घेते, दुसरी वतनावरून पाटील अथवा कुळकर्णी होते, तिसरी मूळचेंच उपनांव चालविते. तीन पिढ्या लोटल्या कीं एकाच पूर्वजाचीं लेंकरें परस्परांस परकीं होतात. त्यांना जोडणारी खूण आडनांवांत नसते. ती कुलदैवतांत, गोत्रांत किंवा देवकांत असते. म्हणूनच मराठा घराण्यांत सोयरीक जुळवितांना देवक विचारतात. कळंबाचें देवक असलेल्या घराण्यानें कळंबाच्याच देवकांत मुलगी देऊं नये, असा दंडक.

चीन देशाची रीत पाहतां हें वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होतें. तेथें कुळाचें नांव आधीं व व्यक्तीचें मागून. एका आडनांवाच्या स्त्रीपुरुषांनीं परस्परांशीं विवाह करूं नये, हा निर्बंध तेथें शतकानुशतकें पाळला गेला. दक्षिण चीनमध्यें एकाच आडनांवाचीं सबंध गांवें असत. गांवांत कुळाचें पूर्वजमंदिर असे, त्यांत मृतांच्या नांवांच्या लांकडी पट्ट्या ओळीनें मांडलेल्या असत, आणि कुळाची वंशावळ जिवापाड जपलेली असे. तिला 'त्सूपू' म्हणतात. अकराव्या शतकांत, सुंग राजवटींत, औयांग श्यू आणि सू श्युन या दोन पंडितांनीं आपापल्या घराण्यांच्या वंशावळी रचून जो नमुना घालून दिला, तोच पुढें रूढ झाला. कांहीं वर्षांनीं कुळांतील कर्तीं माणसें जमत, वर्गणी काढीत आणि नवीं नांवें घालून वंशावळ पुन्हा सिद्ध करीत. एप्रिलच्या आरंभीं येणाऱ्या छिंगमिंगच्या दिवशीं चिनी लोक पूर्वजांचीं थडगीं झाडून पुसून त्यांस अन्न अर्पण करतात. महाराष्ट्रांतील घरांना आपल्या पितृपक्षाचीच आठवण व्हावी असा तो दिवस.

नांवें ठेवण्याची त्यांची एक युक्ति तर फारच मनोरंजक आहे. पुष्कळ कुळांत अक्षरांचा एक क्रम, बहुधा पद्यांत, पूर्वींच ठरविलेला असतो. प्रत्येक पिढीस त्यांतील एकेक अक्षर येतें आणि त्या पिढींतील सर्व सख्ख्या व चुलत भावांच्या नांवांत तें असतें. त्यामुळें परमुलुखांत भेटलेल्या एकाच कुळाच्या दोघांना नुसतीं नांवें ऐकून समजतें कीं काका कोण आणि पुतण्या कोण; मग पुतण्याची दाढी पांढरी असली आणि काका शाळेंत जाणारा असला तरी मान काकाचाच. मराठी घरांत चाल निराळी. येथें नातवास आजोबांचें नांव देतात. ही चाल प्रेमाची खरी, परंतु तिच्यामुळें वंशावळींत एकाआड एक तेंच नांव येतें, आणि जुनी नोंद सांपडली तरी ती आजोबांची कीं त्यांच्याही आजोबांची, हें तिथि पाहिल्यावांचून ठरत नाहीं.

वंशावळ म्हटली कीं तिच्यांत अभिमानाचा अंश शिरतोच. चिनी वंशावळींच्या आरंभीं एखादा पुराणप्रसिद्ध सम्राट असावा, तसा इकडील वंशावळींच्या आरंभीं सूर्य किंवा चंद्र असतो. इ. स. १६७४ मध्यें शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगीं भोसले कुळाचा संबंध उदेपूरच्या सिसोदे वंशाशीं जोडणाऱ्या वंशावळीस मोठें महत्त्व आलें; तिच्याविषयीं इतिहासकारांचें एकमत झालेलें नाहीं. तंजावरच्या सरफोजी राजांनीं इ. स. १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवळांत भोसले वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. पण लेख दगडावर आहे एवढ्यानें त्यांतील अतिप्राचीन भाग प्रमाण ठरत नाहीं. पुजाऱ्याच्या वहीचें मोल येथेंच कळतें. ती थोरवी सांगण्यासाठीं लिहिलेली नसते. समोर बसलेल्या माणसानें आपल्या बापाचें व मुलाचें नांव सांगितलें आणि तें त्या दिवशीं लिहून घेतलें, एवढीच तिची प्रतिज्ञा. आणि म्हणूनच ती अधिक विश्वसनीय.

हा केवळ हौसेचा विषय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वतनाच्या तंट्यांत वंशावळीवर घराण्याचें अन्न अवलंबून असे. मुंबई इलाख्यांत इ. स. १८५२ नंतर इनाम कमिशनपुढें ज्यांना आपला वंशक्रम सिद्ध करतां आला नाहीं, त्यांचीं इनामें धोक्यांत आलीं. इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें कुळाच्या वंशावळींतील मजकुरास, विशिष्ट अटींवर, नात्याचा पुरावा म्हणून स्थान दिलें. अगदीं अलीकडे, इ. स. २०२३ मध्यें, मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, आणि निजामकालीन कागद व मोडी दप्तरें पुन्हा उघडलीं गेलीं. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंविषयीं मतें भिन्न आहेत. परंतु एक गोष्ट प्रत्येक अर्जदाराच्या अनुभवास आली. जुन्या कागदावरील मनुष्य आपला पूर्वज आहे, हें दाखविण्यास मधला एकेक दुवा लागतो. पणजोबांचें नांव घरांत कोणालाच ठाऊक नसेल, तर सांपडलेला कागदही मुका राहतो.

दुवे तुटतात कसे, हेंही दोन्ही देशांत पाहावयास मिळतें. चीनमध्यें इ. स. १९६६ पासून सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतींत 'जुनें' म्हणून असंख्य वंशावळी जाळण्यांत आल्या. कित्येकांनीं त्या जिवावर उदार होऊन लपविल्या. पुढें काळ पालटला. कन्फ्यूशियसच्या कुळाची इ. स. १९३७ मधील वंशावळ वाढवून इ. स. २००९ मध्यें नवी आवृत्ति निघाली; तींत ऐंशींहून अधिक पिढ्या आणि वीस लाखांहून अधिक नांवें आहेत. मराठी मुलुखांत वह्या कोणी जाळल्या नाहींत. येथें कसर आहे, ओल आहे, वांटणींत वहीचे होणारे भाग आहेत. आणि सर्वांत मोठें संकट म्हणजे न येणारा यजमान. पुण्यामुंबईस स्थायिक झालेलें कुटुंब मोटारीनें येतें, दर्शन घेऊन दोन तासांत परततें. पुजाऱ्याकडे जाण्यास त्यास सवड नसते. वही शाबूत राहते, पण तिच्यांतील घराणें आजोबांपाशीं थांबतें. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेण्याचें काम अमेरिकेंतील युटा येथील एका संस्थेनें गेल्या शतकांत हातीं घेतलें. परक्यांना मोल कळलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आणखी एक उणीव मात्र कसरीनें केलेली नाहीं; ती लिहिणाऱ्यांची व लिहविणाऱ्यांची आहे. या वह्यांत बहुतेक नांवें पुरुषांचीं. लेंक लग्न होऊन गेली कीं वहींतून गेली. सून आली ती बहुधा नांवावांचून. चिनी वंशावळींतही असेंच होतें; कन्फ्यूशियसच्या कुळांतील स्त्रियांस त्यांच्या वंशावळींत जागा मिळाली ती इ. स. २००९ च्या आवृत्तींत प्रथमच. वास्तविक येथील धर्मकृत्यांत स्त्रीचा विसर पडलेला नाहीं. महालयाच्या तर्पणांत पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही नांवानें उच्चार करावयाचा असतो. तो करावयास बसलेल्या यजमानास पणजीचें नांव विचारलें कीं तो घरांतल्या वृद्ध स्त्रियांकडे पाहूं लागतो. ज्या देवीला सारा महाराष्ट्र आई म्हणतो, तिच्या दारींच्या वहींत आईचेंच नांव नसावें, याहून विपरीत तें काय?

यावर उपाय कठीण नाहीं आणि खर्चाचा तर मुळींच नाहीं. प्रत्येक घरीं एक कोरी वही असावी. घरांतील सर्वांत वडील माणसास, विशेषतः आजीस, स्वस्थपणें विचारून तींत नांवें लिहावीं: मूळ गांव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक, प्रत्येक पुरुषाबरोबर त्याच्या पत्नीचें नांव व तिचें माहेर, लेंकी कोठें दिल्या तें गांव, जन्ममृत्यूचीं वर्षें ठाऊक असतील तेवढींच. ऐकीव गोष्ट 'ऐकीव' म्हणूनच लिहावी. पुढच्या खेपेस तुळजापुरास गेल्यावर ती वही बरोबर न्यावी, पुजाऱ्याच्या वहीशीं ताडून पाहावी, आणि तेथें आपली नोंद लिहवितांना मुलाच्या नांवाशेजारीं मुलीचेंही नांव लिहवावें. शंभर वर्षांनीं कोणी पणतू किंवा पणती त्या उंबऱ्यावर येईल, 'गांव कोणतें?' हा प्रश्न ऐकेल, आणि त्या वेळीं उत्तर देण्यास आजच्या पिढीचें हेंच अक्षर उपयोगीं पडेल.