द्राक्षाची पेटी आणि बागेची नोंद



युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ साली ग्रेपनेट ही संगणकावरची नोंद सुरू केली. मालकाचं नाव, गट नंबर, क्षेत्र अन् जात एकदा नोंदली, की बागेला क्रमांक मिळतो. पुढे प्रयोगशाळेतला नमुना, पॅकहाऊस, पेटी, सारं त्याच क्रमांकावर चालतं. मूळ नोंदच चुकली तर? समजा, थॉमसनच्या जागी सोनाका लिहिलं गेलं. माल चोख, पण कागद जुळत नाही. ऐन तोडणीत पेटी अडते.

तेव्हा ऑक्टोबर छाटणी झाली, की सातबारा घेऊन बसा. नोंद स्वतः वाचा. वाटणी झाली, जात बदलली, तर नूतनीकरणाच्या वेळीच कृषी कार्यालयात दुरुस्त करून घ्या. पेरणीआधी बियाणं पाहतो, तशी तोडणीआधी नोंद पाहावी.