फुकेतचा हत्ती



आपल्याकडची पुष्कळ मंडळी हल्ली थायलंडला सहलीला जातात. त्या देशाच्या दक्षिणेला फुकेत नावाचं बेट आहे. टेकड्या, रबराचे मळे आणि खाली निळा समुद्र. तिथं प्रवाशांना हत्तीवर बसवून मळ्यातून फिरवून आणतात. मीही एकदा बसलो आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं बोलायला मोकळा.

वर बसलं की ऐट वाटते, यात खोटं नाही. पण मी शेतकऱ्याच्या घरचा. गाडी सोडली की बैलाचा खांदा पाहायचा, ही वडिलांची शिस्त. खाली उतरल्यावर सवयीनं हत्तिणीची पाठ पाहायला गेलो, तर हौदा तसाच पाठीवर. पुढचं गिऱ्हाईक पायरीवर उभंच होतं! पट्टा जिथं आवळला होता, तिथली कातडी घासून गुळगुळीत झालेली.

हे हत्ती काही फुकेतच्या रानातले नव्हेत. 1988 च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडात मोठा पूर आला. तोडलेल्या डोंगरांवरून माती आणि ओंडके गावांवर येऊन शेकडो माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 1989 साली, सरकारनं जंगलतोड बंद केली. निर्णय चांगलाच होता. पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम रिकामे झाले. आपल्या गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत, तेही मुळात लाकडाच्याच कामाचे. पण त्यांच्यामागे सरकार आहे. तिथं हत्ती बहुतेक खाजगी मालकीचे. मोठा हत्ती दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा खातो. तो आणायचा कुठून? काही माहूत हत्ती घेऊन शहरात भीक मागत फिरले, बाकीचे प्रवाशांच्या मागे लागले. आज त्या देशात 3,000 हून अधिक पाळीव हत्ती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं पोट प्रवाशांवर चालतं.

तिथल्या 1939 च्या कायद्यानं पाळीव हत्तीला बैल, रेडा, घोडा यांच्या रांगेत बसवलं आहे. म्हणून बैलाचाच हिशेब लावून पाहू. वजनाबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. हत्तीच्या कण्याचे मणके वरच्या अंगाला उंच, त्यामुळं पाठीवरचं ओझं हाडावर येतं, असं काहीजण म्हणतात. एवढ्या मोठ्या देहाला दोन माणसं जड नाहीत, असं दुसरे. मला वाटतं, वजनापेक्षा वेळ पाहावा. हौदा दिवसाचे किती तास पाठीवर असतो? फेऱ्या किती? उरलेला वेळ आखूड साखळीला, सिमेंटवर उभं राहण्यात जातो काय? शिवाय पिल्लू आईपासून तोडून, खोड्यात जखडून त्याला वठणीवर आणण्याची जुनी रीत आहेच. आपणही खोंडाला वेसण घालतो, तेव्हा फार मोठेपणा नको. पण पाहून गप्प बसवेल अशी ती रीत नाही.

मग सगळं एका दिवसात बंद करावं काय? ते 2020 साली आपोआपच झालं. महामारीनं प्रवासी थांबले, कॅम्पांत चारा संपला. उत्तरेकडं शंभरावर हत्ती माहुतांबरोबर पायी डोंगरातल्या गावांकडं परत गेले. पैसा थांबला की आधी हत्ती उपाशी राहतो, हे तेव्हा दिसलं.

दुसरी वाटही निघाली आहे. फुकेतलाच 2016 पासून एक आश्रयस्थान आहे. तिथं थकलेले हत्ती मोकळे हिंडतात, प्रवासी पैसे देऊन दुरून पाहतात. कुणी बसत नाही. काही ठिकाणी बसण्याऐवजी हत्तीला आंघोळ घालायला देतात. ते निर्धोक वाटतं, पण जवळच्या को याओ याई बेटावर 2025 च्या जानेवारीत अशाच आंघोळीच्या वेळी एका स्पॅनिश तरुणीचा जीव गेला.

13 मार्चला थायलंडात हत्तीचा दिवस पाळतात. त्या दिवशी हत्तींपुढं फळांच्या राशी मांडतात. आपला पोळाच म्हणा ना. पण आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदा मळतो, हळद-लोणी लावतो, तेव्हा खांद्यावर जू नसतं.

माझा भाचा दिवाळीत फुकेतला निघाला आहे. हत्ती पाहायचाच म्हणतो. मी त्याला कागदावर तीनच प्रश्न लिहून दिलेत: हौदा किती वाजता उतरतो, साखळी किती लांब आहे आणि माहुताला महिन्याला काय मिळतं.