वनजमीन आणि पाड्याचे पाणी

(जव्हार-मोखाडा परिसरातील सरपंच व ग्रामसभेच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत पावसाळ्यात मुसळधार पाऊस होतो. तरीही उन्हाळा लागला की डोंगरपाड्यांवरील विहिरी तळ गाठतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कठीण काळा पाषाण. त्यामुळे पाणी मुरत नाही, वाहून जाते. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे बांधलेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईची तहान भागते. तालुक्यातील कित्येक पाड्यांना मात्र टँकरची वाट पाहावी लागते. पाणी अडविण्याच्या सोयीच्या अनेक जागा वनजमिनीवर आहेत आणि तेथेच परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

राज्यघटनेनुसार पाणी हा मुख्यत्वे राज्याचा विषय. वने मात्र १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेली. पुढे १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन वनेतर कामासाठी देण्यापूर्वी केंद्र शासनाची मान्यता आवश्यक ठरविली. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव बदलले आणि काही सवलती आल्या. तरी पूर्वमान्यतेचे मूळ तत्त्व कायम आहे. प्रस्ताव, स्थळपाहणी, तत्त्वतः मान्यता, पर्यायी वनीकरण व रकमेचा भरणा, आणि त्यानंतर अंतिम मान्यता, असा हा क्रम आहे. शेकडो हेक्टर वन बुडविणाऱ्या धरणास ही कसोटी लावणे रास्तच होय. कारण वन गेले तर झराही जातो. परंतु चार गुंठ्यांच्या टाकीलाही हीच वाट चालावी लागली, तर पाड्याचे अनेक उन्हाळे कोरडे जातील.

ही अडचण ओळखून २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा सार्वजनिक सुविधांसाठी वेगळी तरतूद करण्यात आली. पिण्याच्या पाण्याची योजना व जलवाहिनी, तळी, पर्जन्यजल साठवणुकीची कामे आणि लहान पाटबंधारे कालवे यांचा तीत समावेश आहे. सुविधा शासनाच्या व्यवस्थापनाखालील असावी, प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या तिच्या अटी आहेत. अशा प्रस्तावास विभागीय वन अधिकाऱ्यांच्या पातळीवर मान्यता मिळू शकते. तो दिल्लीपर्यंत नेण्याचे कारण उरत नाही.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, कामाची जागा वनपाल व अभियंता यांच्यासह प्रत्यक्ष पाहावी, क्षेत्र मोजून झाडे मोजावीत आणि ग्रामसभेच्या ठरावात हे आकडे स्पष्ट लिहावेत. अपुरा प्रस्ताव परत येतो आणि तोवर उन्हाळा उलटून जातो. शिफारशीचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तो पावसाळ्याआधी नव्हे, दिवाळीआधी बजावला, तर मैलोगणती हंडा वाहणाऱ्या भगिनींचे कष्ट कमी होतील, आणि वनही राखले जाईल.