हाली सिक्का आणि परमुलखाचे मीठ

बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ, बसवकल्याण तालुक्यात कोहिनूर नावाचे गाव आहे. नाव जगप्रसिद्ध हिऱ्याचे. मुलूख मात्र ज्वारी-तुरीचा. घरोघरी कानडी, मराठी आणि दखनी ह्या तिन्ही बोली कानी पडाव्यात असा हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. उत्तर कोरियासारख्या, दारे लावून बसलेल्या हुकमी राज्याच्या वार्ता आपण वाचतो, तेव्हा त्या फार दूरच्या वाटतात. परंतु तशाच स्वरूपाचा एक प्रयोग ह्याच मातीत होऊन गेला. एखादे राज्य आपल्या प्रजेला न विचारता जगापासून अलग राहू पाहते, तेव्हा त्याच्या अर्थव्यवस्थेचे आणि परराष्ट्रसंबंधांचे काय होते, हे त्या प्रयोगावरून समजून घेता येईल.

हैदराबाद हे काही लहानसहान संस्थान नव्हते. सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा विस्तार आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लक्ष लोकवस्ती. राज्याचे टपाल स्वतःचे, रेल्वे स्वतःची आणि नाणेही स्वतःचे. त्या नाण्याला लोक हाली सिक्का म्हणत. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार मिळत. सिंगरेणीचा कोळसा, शहाबादचे सिमेंट, गुलबर्ग्याची कापडगिरणी, बोधनचा साखर कारखाना ही संपत्ती पाहता हे राज्य स्वतःच्या पायांवर उभे आहे, असा समज होणे स्वाभाविक होते.

परंतु हा डोलारा ज्या पायावर उभा होता, तो पाहिला पाहिजे. जमिनीचा फार मोठा भाग जहागिरदारांकडे होता, आणि सर्फेखास नावाचा मुलूख तर निजामाच्या खाजगी खर्चासाठीच राखलेला होता. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, हीदेखील एका नवाबाची जहागीरच होती. सरहद्दीवर करोडगिरीची नाकी होती. तेथे मालावर जकात द्यावी लागे. शिंदीच्या झाडांवरील आबकारी हे सरकारचे मोठे उत्पन्न. शेकडा दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती, आणि गश्ती निशाण ५३ ह्या कुप्रसिद्ध हुकुमामुळे परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. राज्याचा खर्च ज्याच्या घामातून चालावयाचा, त्याला त्या खर्चाविषयी विचारण्याची सोय नव्हती.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केले की, हैदराबाद हिंदुस्थानात अथवा पाकिस्तानात सामील न होता स्वतंत्र राहील. येथे भूगोल आडवा आला. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. मीठ बाहेरून यावयाचे, पेट्रोल बाहेरून यावयाचे. आणि येथला कापूस व गळिताची धान्ये विकावयाची तीही बाहेरच. मुरगावचे बंदर पोर्तुगालकडून मिळावे म्हणून खटपट झाली, ती ह्याच अडचणीपोटी. पण बंदर हाती आले असते, तरी तेथपर्यंतची वाट परक्या मुलखातूनच जात होती.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. परंतु १९४८ च्या प्रारंभीच उघड झाले की, संस्थानाने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपाने देऊ केले आहे. भारतीय चलनाच्या वापरावरही संस्थानात बंधने आली. ज्या शेजाऱ्याच्या बाजारावर आपला व्यवहार अवलंबून, त्याच्याशीच असे वर्तन केल्यावर पुरवठ्याचे मार्ग आवळले जावेत ह्यात नवल नव्हते. पेट्रोल, मीठ, औषधे यांची टंचाई होऊ लागली, आणि प्रधानमंत्री लायक अली यांनी आर्थिक नाकेबंदीची तक्रार मांडली. तिची झळ राजवाड्याला कितपत लागली असेल? मिठाच्या खड्यासाठी तिष्ठावे लागते ते खेड्यातल्या गरिबालाच.

दारे बंद झाली की चोरवाटा शोधाव्या लागतात. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानांतून शस्त्रे आणू लागला. ती उतरविण्यासाठी वापरलेल्या धावपट्ट्यांत आपल्या बिदरचीही होती. ऑगस्ट १९४८ मध्ये संस्थानाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे दाद मागितली. नेमक्या त्याच आठवड्यात हैदराबाद शहरात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. रझाकारांवर टीका करून भारतात विलीनीकरणाचा त्यांनी पुरस्कार केला होता, हाच त्यांचा गुन्हा. परदेशात न्यायाची याचना करणाऱ्या राज्यात घरच्या संपादकाला जिवाची शाश्वती नसावी, ही विसंगती कोणत्याही वकिलाला झाकता येण्याजोगी नव्हती.

प्रजेने आपले मत आधीच नोंदविले होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली, लेव्हीला विरोध केला आणि सरहद्दीवरील छावण्यांतून करोडगिरीची नाकी मोडून टाकली. राज्याचे उत्पन्न जेथून येत होते, तेथेच त्यांनी घाव घातला. उलट लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला, त्याने उरलीसुरली निष्ठाही नाहीशी झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरहून निघाली आणि १७ तारखेस निजामाने हार मानली. सुरक्षा समितीपुढील तक्रारही त्यांनीच मागे घेतली.

ही कहाणी पाच दिवसांच्या विजयावर संपली असती तर बरे झाले असते. परंतु त्यानंतरच्या सूडसत्रात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर बिदर आणि गुलबर्गा यांची नावे घातली. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशितच राहिला. राज्यकर्त्यांच्या हट्टाची किंमत प्रथम रझाकारांच्या हाती सापडलेल्यांनी दिली, आणि मग ज्यांचा त्या हट्टाशी काडीचाही संबंध नव्हता अशा शेजाऱ्यांनी दिली.

१९५६ मध्ये बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात आणि उरलेला भाग म्हैसूर राज्यात. हाली सिक्काही चलनातून गेला. आज १७ सप्टेंबरला मराठवाड्यात आणि कल्याण कर्नाटकात झेंडे लागतात, ते उचितच होय. मात्र त्या दिवशी दोन्ही प्रकारच्या मृतांची आठवण ठेवणे आपल्याला जमले पाहिजे. कोहिनूरसारख्या गावांत त्यांचे वंशज आजही एकाच बाजारात मीठ-मिरची घेतात, आणि पुढेही त्यांना एकत्रच नांदावयाचे आहे.